पीककर्ज कोणाला मिळतं, कोणाला नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की प्रश्न सुरू होतात ते मृग उलटून जाईपर्यंत. एकाच गावात, एकाच बांधाच्या दोन बाजूंना, एकाला शून्य टक्क्यानं पैसे मिळतात आणि दुसरा सावकाराकडून महिन्याला शेकडा पाचनं उचलतो. हे का होतं, आणि त्यात आपल्या हातात काय आहे, याभोवतीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या नियमांना धरून आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात गेलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. पीककर्ज म्हणजे नेमकं काय? व्याज खरंच शून्य असतं का?

पेरणीपासून काढणीपर्यंतच्या खर्चासाठी मिळणारं हे अल्पमुदतीचं कर्ज. १९९८ पासून ते किसान क्रेडिट कार्डाच्या रूपात मिळतं. तीन लाखांपर्यंत व्याजदर ७ टक्के धरतात. मुदतीत फेड केली की केंद्र सरकार ३ टक्के सवलत देतं आणि उरलेला भार राज्य सरकार डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून उचलतं. २०२१-२२ पासून ही शून्य टक्क्याची मर्यादा तीन लाख झाली. त्याआधी ती एक लाखच होती.

‘मुदतीत’ हा शब्द मात्र विसरू नका. तारीख चुकली की सवलत गेली. काही बँका आधी व्याज भरून घेतात आणि सवलतीची रक्कम नंतर खात्यावर टाकतात, त्यामुळे ‘शून्य म्हणाले आणि व्याज कापलं’ अशी तक्रार येते. पासबुकावर नंतर जमा दिसते का, ते तपासा.

२. माझी आणि शेजाऱ्याची जमीन सारखीच. त्याला माझ्या दुप्पट कर्ज कसं?

बहुधा त्याचा ऊस आहे आणि तुमची ज्वारी. दर पिकाला हेक्टरी किती कर्ज द्यायचं, हे जिल्ह्याची तांत्रिक समिती दरवर्षी ठरवते. समजा सोयाबीनला हेक्टरी ६० हजार दर ठरला. एका हेक्टरला ६० हजार, त्यावर घरखर्च व काढणीनंतरच्या खर्चासाठी १० टक्के म्हणजे ६ हजार, आणि अवजारं, विहीर-मोटार यांच्या देखभालीसाठी २० टक्के म्हणजे १२ हजार. पहिल्या वर्षाची मर्यादा झाली ७८ हजार. कार्ड पाच वर्षांचं असतं आणि दरवर्षी मर्यादेत १० टक्के वाढ धरलेली असते. तुमच्या जिल्ह्याचा दरतक्ता बँकेत किंवा गावच्या सहकारी सोसायटीत मागून बघायला मिळतो. तो बघितल्याशिवाय ‘इतकंच बसतं’ हे उत्तर मान्य करू नका.

उसाचा दर जास्त आहे, कारण खर्च जास्त आहे. पण दुसरंही कारण आहे. उसाची वसुली कारखान्याच्या बिलातून परस्पर होते, म्हणून बँकेला ऊसवाला आवडतो. कोरडवाहू ज्वारी-तुरीवाल्याच्या वसुलीची अशी सोय कुणीच केलेली नाही. पाणी असलेल्या तालुक्यांत पैसाही जास्त फिरतो, तो असा.

३. सगळ्या योजना ‘लहान शेतकऱ्यांसाठी’ आहेत, मग लहान शेतकऱ्यालाच बँक का नको म्हणते?

२०१३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशपातळीवर असं दिसलं की दहा हेक्टरांवरच्या कुटुंबांचं ७९ टक्के कर्ज बँका-सोसायट्यांसारख्या संस्थांचं होतं. ज्यांच्याकडे जमीन जवळपास नाहीच, त्यांचं फक्त १५ टक्के. बाकीचं सावकार, दुकानदार, नातेवाईक यांचं. रिझर्व्ह बँकेच्याच एका कार्यगटानं २०१९ मध्ये लिहिलं की व्यापारी बँका देशातल्या अल्प व अत्यल्प भूधारकांपैकी सुमारे ४१ टक्क्यांपर्यंतच पोचल्या आहेत.

कारण फार गूढ नाही. ४० हजारांच्या कर्जाला जेवढे कागद आणि जेवढा साहेबाचा वेळ लागतो, तेवढाच चार लाखांच्या कर्जाला लागतो. बँकांना एकूण कर्जाच्या १८ टक्के शेतीला द्यावे लागतात आणि या अठरापैकी १० अल्प-अत्यल्प भूधारकांना. पण ‘शेती’ या खात्यात शेतमाल-प्रक्रिया उद्योगाला दिलेलं शंभर कोटींपर्यंतचं कर्जही बसतं. शहरातल्या एका शाखेनं एका कंपनीला पैसे दिले तरी शेतीच्या उद्दिष्टाचा मोठा घास भरतो. आकडा पूर्ण होतो, आणि तुमच्या तालुक्याच्या शाखेत कृषी अधिकाऱ्याची खुर्ची रिकामीच राहते.

४. सातबारा सामाईक आहे. भाऊ संमतीपत्रावर सही देत नाही. काय करू?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. तीन भाऊ, मिळून २ हेक्टर ४० आर, वाटण्या तोंडी झालेल्या, प्रत्येक जण आपापला तुकडा पंधरा-वीस वर्षं कसतोय. सातबाऱ्यावर मात्र तिघांची नावं एकाच कंसात, किंवा त्याहून वाईट म्हणजे थोरल्याचं एकट्याचंच नाव आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कर्ज थोरल्याच्या नावावर निघतं. तो धाकट्यांना वाटा देतो की नाही, हे घरातल्या संबंधांवर. थोरल्याचं कर्ज थकलं की बोजा सगळ्या जमिनीवर चढतो आणि ज्यानं एक रुपया उचलला नाही, त्याचीही वाट बंद होते.

कायमचा मार्ग म्हणजे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करून आपापला सातबारा वेगळा करून घेणं. सगळे राजी असतील तर हे सोपं आहे. राजी नसतील तर दिवाणी कोर्ट, आणि तिथे किती वर्षं जातात ते सांगायला नको.

तोवरचा मार्ग : दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला जमीन तारण घ्यायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२५ पासून आहे (आधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती). तारण नसेल तर भावाच्या गहाणखतावरच्या सहीचाही प्रश्न फारसा उरत नाही. आठ-अ उतारा (खातेदाराच्या एकूण जमिनीचा) आणि तुमच्या हिश्श्याची ई-पीक पाहणी (मोबाईलवरून केलेली पिकाची नोंद) दाखवून हे मुद्देसूद मांडा. शाखाधिकारी तरी संमती मागतील. तेव्हा प्रश्न १० मधलं ‘लेखी कारण’ मागायचं.

एक निरीक्षण लिहून ठेवतो. सही अडवणारा भाऊ बहुतेक वेळा वाईट नसतो. मागच्या एखाद्या कर्जमाफीत सगळा फायदा एकाच्याच खात्यावर गेलेला असतो, आणि ते त्याच्या डोक्यात असतं.

५. शेती मीच करते, पण जमीन मालकांच्या (नवऱ्याच्या) नावावर आहे. मला कर्ज मिळेल का?

मालकांच्या जमिनीवर तुमच्या एकटीच्या नावानं जवळजवळ नाहीच. देशात वहिवाटीच्या खात्यांपैकी बायकांच्या नावावर जेमतेम १४ टक्के आहेत (कृषिगणना २०१५-१६). खुरपणी, वेचणी, राखण बायकांची आणि सोसायटीचं सभासदत्व पुरुषाचं, ही ओढाताण इथूनच सुरू होते.

उपाय आहे, आणि तो मराठी मुलखातच निघाला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, गावोगाव पुरुषांनी आपल्या हातानं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. १९९२ मध्ये राज्य सरकारनं लक्ष्मी मुक्ती योजना आणली. त्यानुसार नवऱ्यानं स्वतः अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लागतं. तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) ‘असं काही नसतं’ म्हणाले तर अर्ज आवक क्रमांकासह द्या.

माहेरच्या जमिनीत मुलीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून आहे. तो ‘सोडून देण्याची’ रीत आहे, आणि हक्कसोडपत्रावर सही करताना आपण आपली कर्जाची पतही सोडून देतोय, हे कुणी सांगत नाही.

एक अडचण लक्षात असू द्या. नवऱ्याचं कर्ज आधीच पूर्ण क्षेत्रावर असेल, तर नाव लागलं तरी त्या क्षेत्रावर दुसरं पीककर्ज मिळत नाही. नव्या हंगामाआधी त्याची फेड होते तेव्हा दोघांचं क्षेत्र वेगळं दाखवून घ्या. बचत गटाचं कर्ज ही वेगळी वाट आहे, तिच्यासाठी प्रश्न १२ पाहा.

६. नवरा वारला. कर्ज त्याच्या नावावर होतं. आता बँक मला नवं कर्ज देत नाही आणि जुनं मागते.

आधी वारसनोंद. मृत्यूनंतर तीन महिन्यांत अर्ज करा. उशीर झाला तरी करा. फेरफार निघतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागते आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. सासरचे ‘घाई कशाला, घरातच तर आहे’ म्हणतात, तिथे बहुतेक बायका थांबतात. थांबू नका. वारसनोंद नसेल तर कर्ज, विमा, अनुदान, काहीच तुमच्यापर्यंत येत नाही.

जुन्या कर्जाची जबाबदारी तुमच्यावर येते ती वारशानं मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. तुमच्या अंगावरच्या दागिन्यांवर किंवा तुमच्या मजुरीवर नाही. तुम्ही जामीनदार म्हणून सही केली असेल तर मात्र गोष्ट वेगळी, म्हणून कर्जाच्या कागदांची प्रत मागून घ्या. थकीत रक्कम वारसांच्या नावे वळवून हप्ते पाडून द्यायची विनंती करता येते. ती लेखी करा.

आत्महत्येच्या प्रकरणात राज्य सरकारची एक लाखाची मदत आहे, पण निकषांत कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. ज्याला बँकेनं दारात उभंच केलं नाही आणि जो बिनपरवाना सावकाराकडे गेला, त्याच्या मागे राहिलेल्या बाईचा अर्ज ‘अपात्र’ ठरतो. या निकषाइतका उलटा निकष आम्हाला दुसरा माहीत नाही.

७. मी बटईनं जमीन करतो. सातबाऱ्यावर नाव नाही. मला काही आहे का?

कागदावर आहे. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमांत कूळ, तोंडी खंडकरी आणि बटईदार हे सगळे पात्र धरले आहेत. नाबार्डच्या योजनेत चार ते दहा जणांनी संयुक्त देयता गट करून, एकमेकांना जामीन राहून, तारणाशिवाय कर्ज घेता येतं. कसतोय याच्या पुराव्यासाठी ग्रामपंचायतीचा दाखला चालतो. तो मिळत नसेल तर पन्नास हजारांपर्यंत स्वतःचं प्रतिज्ञापत्रही चालतं.

प्रत्यक्षात मालक दाखल्याला विरोध करतो. जुन्या मुंबई राज्याच्या कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्याला मालक केलं, त्याची भीती जमीनमालकांच्या तिसऱ्या पिढीतही आहे. ‘कूळ लागेल’ म्हणून लेखी काही द्यायचंच नाही. ई-पीक पाहणी मालकाच्या खात्यावर, शेतकरी ओळख क्रमांक मालकाचा, पीककर्जही मालकाचं. पुण्यात नोकरी करणारा मालक शून्य टक्क्यानं उचलतो आणि तेच पैसे बटईदाराला व्याजानं देतो, असंही सर्रास चालतं.

गट करायचा असेल तर एकाच आळीतले, एकमेकांना खरोखर ओळखणारे चौघं-पाचजण घ्या. दहाच्या नादी लागू नका. एक पळाला की बाकीच्यांवर येतं.

८. आमचा वनपट्टा आहे. बँक म्हणते गहाण ठेवता येत नाही, म्हणून कर्ज नाही.

पहिलं वाक्य खरं, दुसरं चूक. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे ही जमीन वारसांकडे जाते, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. म्हणजे गहाण नाही. पण दोन लाखांपर्यंत जमिनीचं तारण लागतच नाही (प्रश्न ४), पिकाचं तारण पुरतं. नंदुरबार, पालघर, गडचिरोलीत हे समजावून सांगावं लागतं, आणि शाखाधिकारी बदलला की पुन्हा पहिल्यापासून. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो, तेव्हा अर्जावर दोघांची नावं घाला.

भोगवटादार वर्ग-२ च्या जमिनीचंही असंच. विक्रीला परवानगी लागते, पण कर्जासाठी बँकेकडे किंवा सोसायटीकडे गहाण ठेवायला जमीन महसूल संहितेनंच मोकळीक दिली आहे.

९. सोसायटीतून घ्यावं की राष्ट्रीयीकृत बँकेतून?

सोसायटीला पैसा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेकडून येतो. ही जिल्हा बँक धड असेल तर गावची विविध कार्यकारी सोसायटी सोयीची. सचिव ओळखीचा, फेऱ्या कमी. पण सगळे जिल्हे सारखे नाहीत. पुणे, सातारा, कोल्हापूरकडे जिल्हा बँका भक्कम. नागपूर, वर्धा आणि बुलढाण्याच्या जिल्हा बँकांचे व्यवहार २०१२ साली परवान्याच्या अडचणीत रिझर्व्ह बँकेनं आवळले, आणि तिथल्या सोसायट्या सभासदांना काय देणार? कापसाच्या पट्ट्यात माणसं सावकाराकडे वळली, त्यामागे हेही एक कारण आहे.

दुसरी अडचण गावातली. चेअरमनच्या गटाचे नसाल तर सभासदत्वाचा अर्ज दप्तरात पडून राहतो. इथे कायदा तुमच्या बाजूला आहे. अर्ज दिल्यापासून तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर सहकार कायद्याच्या कलम २२ नुसार तुम्ही सभासद झालात असं मानलं जातं. नाकारलं तर कलम २३ खाली निबंधकांकडे अपील. दोन्हींसाठी अर्जाची पोच हवी. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा.

१०. बँक सांगते सिबिल कमी आहे, सगळ्या बँकांचे नो ड्यूज आणा, तुमचं गाव आम्हाला दत्तक नाही. हे सगळं खरं आहे का?

दत्तक गावाची, म्हणजे ठरवून दिलेल्या गावांनाच कर्ज देण्याची, सक्ती रिझर्व्ह बँकेनं २००४ मध्येच काढली, सरकारी योजनांचा अपवाद सोडून. ग्रामीण भागात वैयक्तिक कर्जाला ना-देय दाखल्याचा आग्रह धरू नये, असंही तिनं सांगितलं आहे. तरी तालुक्याच्या गावात सहा बँकांचे शिक्के गोळा करत फिरणारी माणसं दर जूनमध्ये दिसतात. तीन लाखांपर्यंतच्या किसान कार्डाला प्रक्रिया शुल्क, पाहणी शुल्क नसावं आणि पूर्ण अर्जावर चौदा दिवसांत निर्णय व्हावा, असंही बँकांना कळवलेलं आहे.

सिबिलचं, म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून पडणाऱ्या गुणांचं, जरा गुंतागुंतीचं आहे. पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, असं राज्य सरकारनं बँकांना वारंवार सांगितलंय. पण बँक बघतेच. ट्रॅक्टरचा थकलेला हप्ता, मोबाईलचं फायनान्स, मेव्हण्याला राहिलेला जामीन, एकरकमी तडजोडीनंतर ‘सेटल्ड’ असा राहिलेला शिक्का, सगळं तिथे दिसतं. आपला अहवाल वर्षातून एकदा फुकट काढता येतो. तो काढा, आणि फेडलेलं कर्ज अजून थकीत दिसत असेल तर दुरुस्त करून घ्या.

नकार तोंडी घेऊ नका. ‘कारण लेखी द्या’ एवढं म्हटल्यावर अर्ध्या वेळा फाईल पुढे सरकते. नाहीच सरकली तर शाखेकडे लेखी तक्रार, तिची प्रत अग्रणी जिल्हा बँक व्यवस्थापकांना, आणि तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही, चौकशीचा क्रमांक १४४४८. सोसायटीच्या तक्रारी तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे.

११. नवं-जुनं करायला पैसे नाहीत. सावकाराकडून आठ दिवसांसाठी घेऊ का?

सगळे घेतात, म्हणून हिशोब दाखवतो. मार्चअखेर एक लाख भरायचे आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एक लाख उचलायचे. मधल्या दिवसांसाठी शेकडा पाचनं घेतले तर सावकार आठ दिवसांचंही पूर्ण महिन्याचं व्याज लावतो, पाच हजार. शून्य टक्क्याचं कर्ज तुम्हाला पाच टक्क्यांना पडलं. ज्याच्या घरात नोकरदाराचा पगार आहे किंवा उसाचं बिल आलंय, त्याला ते खरोखर शून्य टक्क्यानं पडतं. योजना एकच, दर दोन.

शाखेत आधी विचारा : फेड आणि नवी उचल एकाच दिवशी होईल का? काही ठिकाणी होते. दुष्काळ जाहीर झाला असेल तर पुनर्गठनाचा, म्हणजे हप्ते पाडून घ्यायचा पर्याय असतो. त्यात थकबाकीदार ठरत नाही, पण जुन्या रकमेचे हप्ते मागे लागतात, हे समजून सही करा.

१२. बँक नको, मायक्रोफायनान्सची बाई दारात येऊन पैसे देते. काय वाईट?

दारात येणं वाईट नाही. व्याज बँकेच्या तिप्पट-चौपट असतं आणि हप्ता आठवड्याला किंवा महिन्याला, तर शेतीचा पैसा येतो हंगामाला. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंडही लावता येत नाही. एक हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज घेतलं की ओळखा, निम्म्याची रेघ ओलांडली. उमेद किंवा माविम या सरकारी यंत्रणांच्या महिला बचत गटात असाल तर गटाचं बँककर्ज आधी बघा.

अडत्याची उचल आणि कृषी सेवा केंद्राची उधारी यांना व्याज ‘नसतं’. ते मालाच्या भावात आणि खताच्या किमतीत असतं.

१३. मी नियमित फेडलं. थकवणाऱ्याला माफी मिळाली. मग फेडायचं कशाला?

राग बरोबर आहे. २००८ च्या केंद्राच्या माफीत दोन हेक्टरांपर्यंत संपूर्ण आणि वर फक्त २५ टक्के अशी रेघ होती. विदर्भात कोरडवाहू सात-आठ एकरवाला त्या रेघेच्या बाहेर पडला. २०१७ मध्ये दीड लाखाची मर्यादा, २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत दोन लाखांची, आणि दोन लाखांच्या वर थकबाकी असलेल्यांना त्यात जागाच नव्हती. नियमित फेडणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळालं, तेही नंतर. आणि ज्यांना मुळात बँकेनं कर्जच दिलं नाही, म्हणजे प्रश्न ५ आणि ७ मधली माणसं, त्यांना या कुठल्याच यादीत नाव नाही.

तरीही माफीच्या आशेवर थकवू नका. माफी येईपर्यंतच्या वर्षांत नवं कर्ज बंद असतं, आणि ती वर्षं सावकाराच्या दरानं काढावी लागतात.

१४. सावकाराला कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत करून दिलं. ‘पैसे दिलेत की परत फिरवतो’ म्हणाला, आता फिरवत नाही. जमीन परत मिळेल का?

मिळू शकते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं-वह्या जाळल्या आणि त्यातून शेतकऱ्यांना सावकारांपासून संरक्षण देणारा १८७९ चा कायदा आला. आज तुम्हाला कागद जमवावे लागतील. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ च्या कलम १८ खाली, अर्जाच्या तारखेआधीच्या पंधरा वर्षांत सावकारीतून गेलेली जमीन जिल्हा उपनिबंधक परत देऊ शकतात. अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात देता येतो.

सिद्ध दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, तो सावकारीच करतो, नातलगाला एकदा दिलेली मदत नव्हे. त्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याच्या नावाच्या खरेदीखतांच्या सूची-२ च्या (खताच्या नोंदणीचा गोषवारा) नकला काढा. एकाच माणसानं आसपासच्या गावांतून दहा जणांच्या जमिनी ‘विकत’ घेतल्या असतील तर तो कागदच बोलतो. दोन, तुमचा व्यवहार कर्जाचाच होता. खताची किंमत बाजारभावापेक्षा फारच कमी, खतानंतरही कब्जा आणि पीकपाहणी तुमच्याकडे, विहिरीचं वीजबिल तुमच्या नावावर, त्याच सुमारास तुमच्या खात्यात आलेली रक्कम, व्याजाचे ऑनलाइन व्यवहार, साक्षीदार, हे सगळं जोडा.

परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ आणि नसेल तर १२ टक्क्यांवर व्याज घेता येत नाही. चक्रवाढ लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याजही घेता येत नाही. बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

निकाल विरुद्ध गेला तर विभागीय सहनिबंधकांकडे अपील आहे, त्याची मुदत एक महिना. आणि मधल्या काळात त्यानं जमीन तिसऱ्याला विकू नये म्हणून अर्ज केल्याबरोबर त्याची एक प्रत तलाठ्याकडे आणि एक दुय्यम निबंधकांकडे, पोच घेऊन, देऊन ठेवा. जमीन पुढे विकली गेली की प्रकरण फार अवघड होतं.